घोडा मोठा झाला, आत्या राहिली

डोंगरापल्याड एक गाव होतं, त्या गावात लग्नाची एक रीत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीनं घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्र काढायचं. मध्ये घोडा, भोवती आपली माणसं. जो भिंतीवर नाही, त्यानं मांडवात पाऊल टाकायचं नाही. काढलेली रेघ पुसायची नाही. चुकलंच, तर अख्खी भिंत शेणामातीनं पुन्हा लिंपायची.

त्या गावात एक मुलगी होती. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेली. आत्या तोंडाची फटकळ, पण पोरीच्या पायात काटा मोडला की पाणी हिच्या डोळ्यांत यायचं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुलीनं पिठाची वाटी उचलली, तशी आत्या म्हणाली, "थांब गं. आधी भिंतीसमोर गप बस. कोण कुठं उभं राहणार, ते मनात बघ. मग हात लाव."

"आत्ये, बसायला वेळ कुणाला आहे? चित्र हातानं काढतात, डोक्यानं नाही."

"डोकं काय नुसतं वेणी घालायला दिलंय?" आत्या करवादली आणि चुलीकडं गेली.

मुलीनं घोड्यापासून सुरुवात केली. घोडा झकास जमला. मग त्याला झूल हवी, झुलीला गोंडे हवेत. बघायला जमलेल्या बाया "वा गं वा!" म्हणाल्या, तसे गोंडे वाढतच गेले. उरलेल्या जागेत मामा, मामी, काका, भावंडं दाटीवाटीनं बसवली. आत्या काय, घरचीच. तिला शेवटी काढू.

शेवटी बघते तर भिंतीवर बोटभर जागा नाही.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्यानं भिंत पाहिली. एरवी तडतडणारी बाई हळूच म्हणाली, "राहू दे. घर राखायला कुणीतरी लागतंच की."

शेजारीण म्हणाली, "कोपऱ्यात एक टिंब दे. म्हण, ही आत्या."

"माझी आत्या टिंब नाही!" मुलगी ओरडली. तिनं शेणामातीचा गोळा उचलला आणि पहिला हात घोड्यावरच फिरवला.

"अगं, काय देखणा झाला होता!" आत्या कळवळली.

"घोड्यानं वाढवलं का मला?"

भिंत लिंपून झाली. पण ओल्या भिंतीवर पीठ धरत नाही. दुपार कलायला लागली, मुहूर्त सांजेचा. मुलगी भिंतीसमोर डोळे मिटून बसली.

"झोपलीस की काय गं?"

"गप गं आत्ये. सगळ्यांना जागा देतेय."

भिंत वाळली. मुलीनं सगळ्यांत आधी आत्या काढली, पदर खोचलेली, एक हात कमरेवर. मग एकेक माणूस, मोजक्या रेघांत. हात कुठंच अडखळला नाही. मध्ये राहिलेल्या इवल्याशा जागेत घोडा.

वऱ्हाड मांडवाकडं निघालं तेव्हा मामा भिंतीकडं बघून हसला. "हा घोडा आहे का शेळी?"

मांडवाच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढं चालणारी आत्या गर्रकन वळली. "शेळी म्हण नाहीतर उंदीर म्हण! माझ्या पोरीनं माणूस एकही सोडला नाही."

तात्पर्य: चित्र आधी मनात पुरतं काढावं, मग भिंतीवर. जे आपल्याला सगळ्यांत मोलाचं, त्याची जागा पहिली धरावी. गोंडे काय, उरलेल्या जागेतही मावतात.