जुन्या जीपचा नवा सेल्फ

“आता तरी मोकळं करणार का मला?” धनराजनं विचारलं.

वस्ताद इब्राहिम काही बोलला नाही.

म्हातारी माणसं गप्प बसली की लोक त्याला ज्ञान म्हणतात. धनराजला ते मान्य नव्हतं. कॉलेजातले सरही असेच गप्प बसायचे, आणि त्यांना काही येत नसायचं. म्हणून तर कॉलेज सोडून तो वस्तादाच्या गॅरेजात काम शिकायला आला होता.

परांड्यात त्यानं स्वतःच्या गॅरेजसाठी गाळा बघून ठेवला होता. पण वस्तादानं ‘जा’ म्हटल्याशिवाय त्या पट्ट्यात कुणी गाडी हातात देत नाही. आणि वस्ताद ‘जा’ म्हणत नव्हता.

समोर उतारावर, खाली तोंड करून, जुनी जीप उभी होती. तिचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटार, जळून गेला होता. दुसऱ्याच गाडीचा सेल्फ धनराजनं तिला बसवला होता. बॅटरीची जाड केबल, चावीची बारीक वायर, सगळं स्वतः नव्यानं ओढलं होतं.

“बघा की वाकून! एक जोड चुकला असेल तर नाव बदलीन.”

“नाव राहू दे,” वस्ताद म्हणाला. “खाली कोण झोपतंय?”

त्या गॅरेजात रीतच होती. नवा सेल्फ ज्यानं बसवला त्यानं गाडीखाली आडवं व्हायचं, कान लावायचा. वर बसून चावी वस्ताद मारणार.

धनराजचं डोकं फिरलं.

“अजून माझी परीक्षाच का? एवढी हौस असेल तर तुम्हीच झोपा खाली!”

...

वस्तादानं टोपी काढून बॉनेटवर ठेवली. गोणपाट टाकलं. कण्हत कण्हत गाडीखाली सरकला. पाय तेवढे बाहेर राहिले, मागच्या चाकाच्या पुढ्यात.

“मार सेल्फ.”

धनराज वर चढला. चावी धरली. केबल बरोबर. वायर बरोबर. अर्थिंगची वायर बरोबर. अख्खी आकृती डोळ्यांपुढं होती.

हात फिरेना.

“झोप लागली का रे वर?” खालून आवाज आला.

“थांबा जरा...”

केबल बरोबर, वायर बरोबर. मग हात का अडतोय? त्यानं आकृती सोडून गाडीकडं पाहिलं. गुडघ्याशी गिअरचा दांडा होता. पुढं झुकलेला.

पहिल्या गिअरमध्ये.

सकाळी त्यानंच टाकला होता. हँडब्रेक लागत नव्हता, गाडी उतारावरून घसरू नये म्हणून. आता सेल्फ मारला असता तर जीप उडी घेऊनच सुटली असती.

त्यानं चावीवरचा हात काढला.

“वस्ताद, हलू नका.”

तो अलगद उतरला. कुंपणाचे दोन धोंडे उचलून आणले. मागच्या दोन्ही चाकांपुढं घातले, टाचेनं ठोकून बसवले. वर चढून गिअर काढला. जीप कुरकुरली, धोंड्यांवर रेलली, थांबली.

मग त्यानं खाली वाकून विचारलं. आवाज चिडका होता.

“गाडी गिअरमध्ये होती. तुम्हाला ठाऊक होतं?”

“नव्हतं.”

“बघितलं नाही तुम्ही?”

“नाही बघितलं.”

“आणि गेलात सरळ खाली? मेला असता म्हातारपणी! असली कसली वस्तादकी तुमची?”

त्यानं गोणपाटाचं टोक धरून ओढलं.

“या आता बाहेर... मी झोपतो खाली.”

“कशाला?” वस्ताद म्हणाला. “आत्ता कुठं वर माणूस बसलाय. मार सेल्फ.”