राजाची निसटती सुरी

भर चौकात राजा शूरसेनाच्या हातून सुरी निसटली आणि थेट प्रधानजींच्या पगडीत जाऊन रुतली. प्रधानजी वाचले, पण अख्खं गाव हसलं. ते काही राजाला सहन होईना.

त्या गावची रीतच होती. मोसमातला पहिला फणस राजाने आपल्या हाताने कापायचा आणि गरे सगळ्यांना वाटायचे. शूरसेनाने आयुष्यात दुसरं काहीच कापलं नव्हतं, त्यामुळे या कामाचा त्याला फार अभिमान. गेल्या वर्षी फणसाचा चीक मिशीला चिकटला आणि अर्धी मिशी कातरावी लागली. प्रधानजींनी त्याचा धसकाच घेतला. यंदा त्यांनी राजाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खोबरेल ओतलं. मग काय, सुरीची चांदीची मूठ मासोळीसारखी सुळकन निघाली.

पण तेल ओतणाऱ्याला कोण बोलणार? प्रधानजींनी बोट दाखवलं ते मूठ उजळून देणाऱ्या राघू लोहाराकडे.

राजाने फर्मावलं, की उद्या सकाळी सुरी हातात घट्ट बसली पाहिजे. मात्र मूठ आजोबांच्या वेळची. तिच्यावर ओरखडा काढायचा नाही, दोरा-चिंधी गुंडाळायची नाही, तिला काही फासायचंही नाही. जमलं नाही, तर राघूचा भाता नदीत आणि राघू वेशीबाहेर.

राघू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी तानी भांडी घासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की राजाच्या हाताबद्दल काही हुकूम आहे का. तसा काही नव्हता. तानी पुन्हा भांडी घासू लागली.

सकाळी चौकात नवा फणस मांडला. प्रधानजींनी राजाचे हात पुन्हा तेलाने माखून दिले. मग तानी पुढे झाली. तिच्याजवळ करवंटीत चुलीतली राख होती आणि नारळाची शेंडी.

"महाराज, उजवा हात."

राजाने नवलाने हात पुढे केला. तानीने तो करपलेल्या पातेल्यासारखा खसाखसा घासला.

"अगं ए, राजाचा हात आहे तो!" प्रधानजी ओरडले.

"कळतंय ना," तानी म्हणाली. "पातेलं याच्यापेक्षा लवकर निघतं."

तिने हात धुऊन कोरडा पुसला. डावा मात्र गरे काढायला तसाच तेलकट ठेवला. चीक धरू नये म्हणून पात्यावर थोडं तेल सोडलं. मुठीला बोटही लावलं नाही.

राजा लालबुंद झाला होता. "मी सुरीचं बघायला सांगितलं होतं, पोरी. माझं नाही."

"सुरीच्या एका टोकाला पातं, महाराज, आणि दुसऱ्या टोकाला आपण. पातं चांगलं होतं. मुठीला काही करायची बंदी. मग उरलं कोण?"

राघूने डोळे मिटून घेतले. राजाने सुरी उचलली, आवळून धरली आणि फणसावर चालवली. फणस दुभंगला. सुरी हातातून जराही निसटली नाही, मिशीही शाबूत राहिली.

राजा आधी मिशीतल्या मिशीत हसला, मग मोठ्याने. त्याने तानीला विचारलं, बक्षीस काय हवं?

"बाबांचा भाता घरीच राहू दे. आणि बागेतला सगळ्यात मोठा फणस आमच्या घरी पोचवा. प्रधानजींच्या हस्ते."

"बस, एवढंच?"

"एवढंच. फक्त त्यांनी हात पुसायचे नाहीत. तेल त्यांचंच आहे."

राजा इतका हसला, इतका हसला, की घट्ट धरलेली सुरी त्याच्या हातून गळून पडली.