सरदारांच्या झोपाळ्यावरची पन्हळ

“कौलाला बोट लावायचं नाही. गळतीखाली भांडं मांडायचं नाही. आणि बाजाराच्या दिवशी मी वर येईन तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत दिसली पाहिजे. नाहीतर माडी रिकामी करा!”

सरदार नागोजीराव जिन्यात उभे राहून गरजले, तशी आळीतली एकूण एक खिडकी उघडली. सरदार खाली राहत. वरची माडी धोंडिबा बत्तासेवाल्याला आणि त्याच्या लेकीला, ठकूला, भाड्यानं दिलेली. पावसानं ठाण मांडलं होतं, माडी गळत होती आणि बत्ताशांचा पुन्हा पाक होत होता. बरं, जायचं तर कुठं? साखर आली की मुंग्या आल्या, म्हणून गावात त्यांना दुसरं कुणी उंबऱ्याशी उभं करीना.

धोंडिबा हात जोडून म्हणाला, “सरकार, चार कौलं फुटलीत. मीच चढून बदलतो.”

“तू चढलास तर आणखी चाळीस फोडशील. कौलं माझी आहेत.”

ठकू परातीवरच्या मुंग्या झटकत होती. तिनं विचारलं, “मग गळतं ते पाणी कुणाचं, सरकार?”

“ज्याच्या जमिनीवर पडेल त्याचं. त्यानंच ते निस्तरायचं.”

“आणि माडीची ही जमीन?”

“नांदता कोण तिच्यावर? तुम्ही. तिची डागडुजी तुम्हीच करायची. फळी काढा, फळी बसवा, मला विचारू नका.”

“भांड्यांनी काय घोडं मारलंय?”

“टप टप, टण टण! दुपारी झोपाळ्यावर आडवा झालो की बरोब्बर माझ्या टाळक्यावर वाजतं. डोळ्याला डोळा लागत नाही.”

“बरोब्बर टाळक्यावर?”

“बरोब्बर!”

“ऐकलंत ना हो, मंडळी?” ठकूनं खिडकीतून आळीला विचारलं. आळीनं ऐकलं नाही असं आजवर काही घडलंच नव्हतं.

सरदार खाली गेले. धोंडिबानं कपाळाला हात लावला. “आता बांधाबांध कर, बाई.”

“आबा, आधी बांबू आणा. एक उभा चिरलेला आणि एक सबंध पोकळ.”

बाजाराचा दिवस उजाडला. पाऊस कोसळतच होता. जेवण झाल्यावर सरदार झोपाळ्यावर लवंडले. टप टप नाही, टण टण नाही. सरदार खूश झाले. त्यांनी पाय ताणले, डोळे मिटले, आणि कपाळावर गार पाण्याची धारच लागली!

मिशा निथळत ते दडादडा जिना चढून आले. धोंडिबा भिंतीला चिकटला.

“ए कार्टे! हे काय मांडलंयस?”

ठकूनं पदर सावरला. “बघा ना, सरकार. जमीन कोरडी आहे. गळतीखाली भांडं एक नाही. कौलाला तर आम्ही नजरसुद्धा लावली नाही.”

सरदारांनी पाहिलं. परातींच्या दोन घडवंच्यांवर चिरलेल्या बांबूची उतरती पन्हळ टेकवलेली. गळतीचं सगळं पाणी तिच्यातून पोकळ बांबूत, आणि बांबू फळीतल्या भोकातून थेट खाली; झोपाळा करकरल्यावर काढलेला त्याचा बोळा ठकूच्या हातात.

“माझ्या घरात पाणी सोडतेस?”

“आम्ही आमच्या जमिनीची डागडुजी केली, आपल्या हुकमानं. आता पाणी पडतं ते मालकाच्या जमिनीवर. आणि ज्याच्या जमिनीवर पडेल त्यानं निस्तरायचं, हे अख्ख्या आळीनं ऐकलंय.”

समोरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, “ऐकलंय, ऐकलंय.”

“मग आता मी करू तरी काय?”

“झोपाळ्यावर एखादं घंगाळ ठेवावं, सरकार. फक्त जरा वाजेल. टप टप, टण टण.”

सरदारांनी डोळे वटारले. मग मिशी हलली, मग पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की घडवंच्यांवरच्या पराती वाजायला लागल्या. हसता हसताच त्यांनी शाकारणाऱ्यांना सांगावा धाडला, छपराचं काम यापुढं मालकाचं असं आळीदेखत कबूल केलं, आणि रस्त्याकडची कोरडी ओसरी बत्ताशांच्या दुकानासाठी ठकूला फुकट देऊन टाकली.

ठकूनं मूठभर बत्तासे त्यांच्या हातावर ठेवले. “उद्या कौलं बसली की पन्हळ काढते, सरकार.”

“नको, राहू दे,” सरदार बत्तासा चघळत म्हणाले. “पुढच्या वर्षी मी विसरलो, तर मला उठवायला कुणीतरी हवं!”