महाराजांची मान

कडेवाडीच्या महाराजांनी गोल्फ शिकायला घेतला आणि महिनाभरात हिरवळीची नांगरट झाली. काठी फिरायची, ढेकूळ उडायचं, चेंडू जागच्या जागी. महाराजांच्या मते दोष काठीचा, म्हणून काठ्या बदलत बदलत चौदा झाल्या. शिकवायला आलेल्या साहेबाला खरं कारण दिसलं. मारताना महाराज चेंडू सोडून आभाळात बघत. तो म्हणाला, "मान खाली घाला."

"आमच्या घराण्यात कुणी मान खाली घातलेली नाही," असं म्हणून महाराजांनी त्याला संस्थानाबाहेर घालवलं.

मग हिरवळ राखणाऱ्या गोजराबाईला बोलावणं गेलं. "योग्य काठी तू निवड. चेंडू हलला नाही, तर तूही चालू लाग."

गोजराबाईने हाताला लागली ती काठी दिली. मग महाराजांची छबी असलेलं संस्थानाचं टपाल तिकीट चेंडूला खेटून गवतावर ठेवलं. "सरकार, छापणाऱ्याने तुमच्या मिशीचा एक केस गाळलाय बघा. नजर न काढता मारा, म्हणजे सापडेल."

महाराज केस शोधत राहिले, काठी फिरली आणि चेंडू राजवाड्यापलीकडे गेला.

दिवाणजी पुटपुटले, "महाराजांनी मान खाली घातली."

महाराज लाल झाले. "गोजरा, खरं?"

"छे सरकार. समोर खुद्द महाराज होते. त्यांना मान दिलात."

तेव्हापासून कडेवाडीची पत्रं बिनतिकिटाची जातात. तिकिटं सगळी हिरवळीवर लागतात.