गुलाबरावांचे कीवर्ड

दोष गुलाबराव हाडवैद्यांचा. उगाच मोबाईलला, जमान्याला, नाहीतर त्यांच्या सुनेला बोल लावू नका. मिशा पांढऱ्या झाल्या की माणूस खोटं बोलायचं सोडतो, असं कुठं लिहिलेलं नाही.

“तर बाबा, आता अजून कुठले शब्द टाकू?”

टेकडीची शेवटची पायरी चढता चढताच त्यांनी विचारलं. धाप लागलेली, तरी आवाजात तोरा.

बालेशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. गुलाबराव त्यांना वर्षानुवर्षं गुरू म्हणत आले. ऐकलं किती, ते सोडा.

“कसले शब्द?”

“आमच्या वेबसाईटचे. माणूस मोबाईलवर आपलं दुखणं टाकून शोधतो ना, तेव्हा त्याला पहिलं आपलंच नाव दिसलं पाहिजे. त्याचे शब्द निवडावे लागतात. कीवर्ड म्हणतात. सगळा खेळ त्यावर आहे, बाबा.”

“आधी कोणते होते?”

“सुनेनं टाकलेले. ‘खांदा निखळला’, ‘बोट सरकलं’, ‘पाय मुरगळला’. बायकी कारभार! दिवसाकाठी चार-दोन माणसं यायची.”

“त्यांची हाडं बसायची?”

“बसायची म्हणजे? हा हात कुणाचा आहे!”

“मग?”

“मग काय... चार माणसांत नाव होतंय होय? मी ते सगळे पुसायला लावले. ‘मणक्याचा कुठलाही आजार’, ‘ऑपरेशनशिवाय कायमचा बरा’, असं दणकून टाकलं. आता फोन खाली ठेवता येत नाही. दारात रांग!”

“मणक्याचं औषध आहे तुमच्याकडे?”

“...तेल आहे.”

“करमाळ्याच्या त्या माणसाला तेच लावलं? बायकोनं पाठुंगळीला घेऊन आणला होता, त्याला?”

गुलाबरावांनी मिशीवरून हात फिरवला. “एवढ्या लांबून आलेला माणूस परत कसा पाठवायचा? रगडला थोडा.”

“आता कसा आहे?”

“आता... अंथरुणावरच असतो म्हणे.”

म्हणे! ज्याचा कणा स्वतःच्या अंगठ्यांनी रगडला, त्याच्याबद्दल ‘म्हणे’.



 चढणीनं गुलाबरावांचा घसा कोरडा पडला होता. ते उठून कोपऱ्यातल्या रांजणाकडे गेले. झाकण काढलं, ओगराळं आत सोडलं. ते खडखडत तळाला आपटलं.

“बाबा, रांजण कोरडा ठाक आहे!”

“आहे.”

“अहो, मग पायथ्याला ती पाटी कसली? ‘वर थंडगार पाणी आहे’! ती वाचून मी बाटली खाली गाडीतच ठेवली.”

“पाटी मीच लावलीय. आज सकाळी.”

“पाणी नसताना?” गुलाबरावांचा आवाज चढला. “ही कुठली रीत? तहानेल्या माणसाला भर उन्हात एवढं चढायला लावायचं, आणि वर रिकामा रांजण दाखवायचा? लाज वाटायला पाहिजे! अशानं एखादा मरेल, बाबा!”

“पण शब्द चांगले निघाले,” बाबा म्हणाले. “तुम्ही बाटली खाली ठेवून आलात.”

...

ओगराळं गुलाबरावांच्या हातात तसंच लोंबत राहिलं.

“उतरताना पाटी काढून न्या. दुसऱ्या कुणाची फसगत नको.”

बुद्धी असती तर गुलाबराव तिथंच पाया पडले असते. पण वयानं मोठ्या माणसांकडे अशा वेळेसाठी एक वाक्य राखून ठेवलेलं असतं. तेच त्यांनी काढलं.

“माझी गोष्ट वेगळी आहे, बाबा.”

“ती कशी?”

“मणक्याचं राहू द्या. पण पंचक्रोशीत कुणाचं हाड हललं, तर आजही माणूस डोळे मिटून माझ्याच दारात येतो. आमच्या आज्यापासूनची पत आहे ती. दोन-चार शब्दांनी ती जायची नाही.”

बाबांनी डाव्या हातानं अंगावरची शाल बाजूला केली. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यानं गळ्यात बांधलेला होता.

गुलाबराव पुढं झाले. “हे कधी? आणि मला निरोप नाही?”

“परवा ओट्यावरून पडलो. खांदा निखळला. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बसवून घेतला.”

बाबांनी शाल पुन्हा ओढून घेतली.

“रिक्षा तुमच्या दारावरूनच गेली.”