सूनृतेचे दौत्य

पूर्वी त्रेतायुगाच्या उत्तरार्धात, ऋषींच्या शब्दाला नद्या अद्याप थांबत असत आणि राजे मात्र थांबेनासे झाले होते, त्या काळी पयोष्मती नदीच्या उगमापाशी इंगुदी व शमी यांच्या छायेत माठर ऋषींचा आश्रम होता. त्यांची पत्नी सूनृता ही पित्यापाशी वेदाध्ययन केलेली, मितभाषिणी आणि स्पष्टवक्ती होती. त्या आश्रमात वीतभय आणि शतायुध हे दोन राजपुत्र एकाच दर्भासनावर वाढले, आणि दोघांनीही सेवेने गुरूंना प्रसन्न करून सर्वदह नामक अस्त्र मिळवले. त्याचा अग्नी भूमीतल्या बीजालाही जाळी, आणि ते परत बोलावण्याचा मंत्र कोणापाशीच नव्हता.

पुढे दोघे नदीच्या दोन तीरांवर राजे झाले व एका बेटावरून त्यांचे वैर जडले. रोज प्रभाती दोघेही ओंजळीत जल घेऊन त्या मंत्राचे शेवटचे अक्षर तेवढे उच्चारायचे ठेवीत. दुसराही तिथेच थांबला आहे, एवढ्याच भयाने ते थांबत. एक संवत्सर असे गेले. दोन्ही तीरांवर कोणी पेरणी केली नाही.

दोघेही जिच्या हातचे जेवले होते, ती सूनृता दूत झाली. बेट सोडण्याचे, पुत्र ओलीस देण्याचे तिचे सारे प्रस्ताव दोघांनीही फेटाळले. अखेर माठर म्हणाले, की गुरू दिलेली विद्या परत घेऊ शकतो. मात्र तिच्याबरोबर शिष्याचे गुरुगृहीच्या साऱ्या दिवसांचे स्मरणही जाते.

सूनृतेकडून हे ऐकून वीतभय खिन्नपणे हसला. "माते, माझ्या पानातला दूधभात खाऊन, ओठ पुसून 'मी नव्हे' म्हणणारा हा शतायुध. तो विसरलो म्हणेल, ते मी कशावरून मानू?"

"मी त्याच्यासमोर उभी राहीन," सूनृता म्हणाली. "मला ओळखले, तर तो खोटा."

परतीरावर शतायुधाने हे मान्य केले. पण आणखी एक अट घातली. "आचार्यांच्या कंठात विद्या राहिली, तर उद्या तिसरा शिष्य येईल. त्यांनीही विसरावे, माते. आणि परीक्षा तीच असावी."

माठरांचे सारे आयुष्यच आश्रमात गेले होते; विद्येबरोबर त्यांच्या स्मरणातून तीही जाणार होती. नौकेत बसल्यावर सूनृतेला प्रथमच वाटले, की हे एक वाक्य पाण्यात टाकून द्यावे. परंतु निरोपात भर घालू नये आणि त्यातले काही गाळू नये, हा दूताचा धर्म. तिने ते जसेच्या तसे पतीला सांगितले.

"हे तुला गाळता आले असते," माठर म्हणाले.

"आले असते. मग पुन्हा त्या तीरावर जायला मला तोंड उरले नसते."

तिघांनी नदीच्या मध्यभागी कंठापर्यंत पाण्यात उभे राहून ओंजळीतल्या जलाबरोबर आपापली विद्या सोडली. सूनृता क्रमाने समोर गेली. "आर्ये, आपण कोण?" वीतभयाने विचारले, शतायुधानेही तेच. मग त्या दोघांनी एकमेकांना अनोळखी पांथस्थांसारखा नमस्कार केला. शेवटी ती माठरांसमोर उभी राहिली. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्या एका क्षणी, ज्यासाठी ती इतकी झिजली तो तह मोडावा, अशी इच्छा तिच्या मनात उठली.

"देवी," ते म्हणाले, "पाणी फार गार आहे. आपण तीरावर चलावे." परक्या स्त्रीशी सज्जन जसे बोलतो, तसे ते बोलले.

राजे आपापल्या नगरांना गेले. सूनृतेने विद्येसह सारे विसरून निरक्षर झालेल्या त्या वृद्धाला अतिथी म्हणून आश्रमात आणले. काही दिवसांनी हातात समिधा घेऊन त्याने तिच्यापाशी अध्ययनाची याचना केली. गुरू मातेच्या स्थानी असतो; शिष्य म्हणून स्वीकारल्यावर आपण पूर्वी त्याची पत्नी होतो, हे तिला कधीही सांगता येणार नव्हते. तरीही तिने समिधा घेतल्या आणि पहिला प्रणव उच्चारला.

म्हणूनच माठरशाखेच्या गुरुतर्पणात आजही प्रथम अंजली सूनृतेला आणि दुसरी तिच्या शिष्याला, माठराला देतात. त्या वंशावळीत सूनृतेचा पती म्हणून कोणाचेच नाव नाही.