शेवग्याच्या बिया आणि आचार्यपदवी

"हा ग्रंथ तुझा नाही," राजा भानुवर्मा म्हणाला आणि गोजरीची पाच वर्षांची मेहनत त्याने चौरंगावर पालथी ठेवली.

गोजरी कोष्ट्याची मुलगी. राजाच्या पाठशाळेत राहून तिने गढूळ पाणी निवळण्यावर ग्रंथ लिहिला होता. तो मान्य झाला की आचार्यपदवी, आणि पदवी असेल तरच तिला आपल्या गावी पाठशाळा काढता येणार होती. चूक एकच झाली होती. शेवग्याच्या बिया कुटून पाण्यात टाकल्या की गाळ तळाशी बसतो, या वाक्याखाली तिने लिहिलं होतं, 'हे मला माझ्या खोलीत राहणाऱ्या भिवरेने सांगितलं.' बाकीचे विद्यार्थी अशा जागी 'पूर्वाचार्य म्हणतात' असं लिहून मोकळे होत.

राजाचं म्हणणं सरळ होतं. ज्याचं ज्ञान, त्याची पदवी. भिवरेला बोलावणं गेलं. ती हत्तींच्या पायांच्या दुखण्यावर ग्रंथ लिहीत होती आणि पाण्याशी तिचा संबंध पिण्यापुरता होता. मटार सोलता सोलता आपण सहज बोललो, आपल्याला तरी भांडी घासणाऱ्या मथुरेने सांगितलं, असं ती हात जोडून म्हणाली. मथुरेला आणलं. तिने आपल्या सासूचं नाव घेतलं, तेव्हा राजा वैतागला.

"आठ दिवसांत मुळाशी जा," त्याने गोजरीला फर्मावलं. "ज्याच्या हातून हे पहिल्यांदा घडलं, त्याला इथे उभं कर. परीक्षा त्याची होईल आणि पदवी त्यालाच मिळेल. नाही सापडला, तर ग्रंथ नदीत."

"तो कोणीही असला तरी, महाराज?"

"कोणीही असो."

मथुरेची सासू चिमाई पूर्वी राजवाड्यात पाणी भरत असे. गोजरी रोज तिच्या ओसरीवर जाऊन बसली. चिमाईने पहिले तीन दिवस गुडघ्याबद्दल सांगितलं, पुढचे तीन नातसुनेबद्दल. सातव्या दिवशी ती पाण्यावर आली.

आठव्या दिवशी गोजरी तिला धरून दरबारात घेऊन आली.

"माझ्या हातून नाही झालं, बाबा," चिमाई राजाला म्हणाली. "तुम्ही पाच वर्षांचे होता. वैद्य-वैद्य खेळत होता. खलबत्त्यात शेवग्याच्या बिया कुटल्या आणि पावसाच्या गढूळ पाण्याच्या रांजणात ओतल्या. म्हटलं, आता मला बोलणी बसणार. सकाळी बघते तर पाणी नितळ. तेव्हापासून मी तसंच करत आले."



परीक्षक त्र्यंबकशास्त्री नियमाला पक्के. परीक्षा देणाऱ्याने समोरच्या पाटावर बसायचं असतं, याची त्यांनी आदबीने आठवण करून दिली. राजा सिंहासनावरून उतरला आणि पाटावर मांडी घालून बसला.

"पहिला प्रश्न," शास्त्रीबुवा म्हणाले. "एका घागरीला बिया किती?"

राजाने छताकडे पाहिलं. मग चिमाईकडे पाहिलं.

"तुम्ही मूठभर घेतल्या होत्या," चिमाई म्हणाली. "पण निम्म्या भिंतीला लागल्या."

"मला ठाऊक नाही," राजाने कबूल केलं. "कोणाला ठाऊक आहे?"

"मला," गोजरी म्हणाली. "तीनशे घागरी पाणी निवळून मोजल्या आहेत. पण मी सांगितलं, तर महाराज ते माझ्याकडून शिकले असं होईल. आणि मग आपल्याच नियमाने महाराजांची पदवी जाईल."

 आधी राजाच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि मग तो इतका हसला की पाटावरून कलंडला. शास्त्रीबुवांनी त्याला सावरलं आणि उत्तर चूक असं लिहून ठेवलं.

गोजरीला त्याच दिवशी पदवी मिळाली. गावच्या पाठशाळेसाठी सागवानाच्या दोन गाड्या मिळाल्या, आणि चिमाईला जरीकाठी लुगडं.

सगळे उठू लागले, तरी राजा पाटावरच बसून होता.

"आता पदवी तुझी झाली," तो म्हणाला. "सांग बघू, किती?"